मोर्चे मोजणाऱ्याचा मोर्चा

सातारा जिल्ह्यात कामगार संघटनांच्या सभांना सर्वांत जास्त हजेरी कुणाची असते? पुढाऱ्याची म्हणाल, तर तो एका सभेला उशिरा येतो आणि दुसरीला येतच नाही. कार्यकर्त्याची म्हणाल, तर त्याच्यामागे ऊस, लग्नसराई आणि भावकीची भांडणं असतात. पण अंगणवाडी सेविकांचं धरणं असो, एसटीवाल्यांचं उपोषण असो, साखर कारखान्याची गेटसभा असो की आशाताईंचा थाळीनाद, एक माणूस ऊन-पाऊस न बघता हजर असतो. तो टाळ्या वाजवत नाही, घोषणा देत नाही. सगळ्यांत मागे झाडाच्या सावलीत उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी टिपतो.

हा गोपनीयचा माणूस. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेचा अंमलदार. साध्या वेशात फिरतो म्हणून तो कुणाला ओळखू येत नाही, अशी सरकारची समजूत आहे. पोवई नाक्यावरचा चहावाला मात्र त्यालाच विचारतो, ‘साहेब, आज कुणाचा मोर्चा?’ संयोजकांनाही तो घरचाच. निवेदनाची एक प्रत कलेक्टर कचेरीला, एक पत्रकारांना आणि एक गोपनीयवाल्यांना, असा शिरस्ताच आहे. गर्दी संयोजक पाच हजार सांगतात, पेपरवाले दोन हजार छापतात आणि हा साडेतीनशे लिहून पाठवतो. बहुतेक वेळा खरा आकडा त्याचाच असतो.

इतकी वर्षं ऐकून त्याला सगळं पाठ झालेलं असतं. महागाई भत्त्याची थकबाकी, जुनी पेन्शन, रिक्त पदं, आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी. कोणता वक्ता कुठल्या वाक्यावर आवाज चढवणार, हेही तो आधी सांगू शकतो. संघटना कशी बांधावी यावर जिल्ह्यात कुणाला व्याख्यान ठेवायचं असेल, तर याच्याइतका जाणकार वक्ता मिळणार नाही. फक्त त्याला स्वतःला संघटना काढता येत नाही. काढली तर त्याच्या सभेला दुसरा गोपनीयवाला येईल आणि त्याच्या मागोमाग बडतर्फीचा कागद.

हे कायद्यानंच आहे. पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा २ डिसेंबर १९६६ रोजी झाला. सरकारच्या स्पष्ट मंजुरीशिवाय पोलिसानं कुठल्याही कामगार संघटनेत जायचं नाही, गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या दिवशी देशाचे गृहमंत्री होते आपल्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की त्या खुर्चीत बसून त्यांना महिनासुद्धा झाला नव्हता, नोव्हेंबरच्या मध्यावर ते तिथे आले होते. पण योगायोग पाहा. बेचाळीसच्या चळवळीत हाच माणूस साताऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर भूमिगत फिरत होता आणि ब्रिटिशांचे सीआयडीवाले त्याचा माग काढत होते. चोवीस वर्षांनी सीआयडीच्या साऱ्या वंशावळीचे मालक तेच झाले आणि माग काढणाऱ्यांना संघटना करू न देणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्या वाट्याला आली. दिल्लीच्या पोलिसांच्या संघटनेला याच कायद्याखाली डिसेंबर १९६६ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल १९६७ मध्ये ती गेलीही. आपल्याकडे सहकारी सोसायटीचा ठरावसुद्धा याहून जास्त टिकतो.

पण १९६६ च्या कायद्यात निदान एक फट होती. ‘मंजुरीशिवाय’ जायचं नाही, म्हणजे मंजुरी मिळाली तर जाता येत होतं. ती फट बुजवण्याचं काम पुढच्या कायद्यानं केलं, तेही केवळ गुप्तचरांसाठी. सप्टेंबर १९८४ मध्ये पन्नासावी घटनादुरुस्ती झाली. अनुच्छेद ३३ नुसार लष्कर आणि पोलीस यांच्या मूलभूत हक्कांना संसद कात्री लावू शकत होती. त्या यादीत आता गुप्तवार्ता आणि प्रतिगुप्तवार्ता यंत्रणांची माणसंही आली. लगेच पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, आयबी आणि रॉ या गुप्तचर यंत्रणांच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्या वेळी गृहमंत्री कोण? शंकरराव चव्हाण. म्हणजे दोन कायदे, दोन गृहमंत्री, दोघंही महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री आणि दोघांचं आडनावही एकच. महाराष्ट्रानं दिल्लीला काय दिलं असं विचारणाऱ्यांनी ही नोंदही ठेवावी.

१९८५ चा कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात युनियनसाठी मंजुरीची भानगडच ठेवलेली नाही. युनियन नाही म्हणजे नाहीच. राजकीय सभेत जायचं नाही. यंत्रणेच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलायचं नाही, पुस्तक छापायचं नाही. मात्र कायदा करणाऱ्यांचं मन अगदीच दगडाचं नव्हतं. संस्था निव्वळ सामाजिक, करमणुकीची किंवा धार्मिक असेल तर सभासद होता येतं. प्रमुखानं आधी परवानगी दिली तर लिखाणही छापता येतं.

आता सांगा, मराठी माणसाला आणखी काय हवं? आयबीतल्या कर्मचाऱ्यांनी एक भजनी मंडळ काढावं. आषाढीला माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की आपली दिंडी घेऊन मागे चालावं आणि टाळ-मृदंगाच्या तालावर बढतीची फाइल कुठे अडली ते विठोबाला विचारावं. कायद्याला हरकत नाही, कारण विठोबा सक्षम अधिकारी नाही. आणि ज्यांना भजन जमत नाही त्यांनी साहेबांची परवानगी काढून कविता करावी. पुढच्या वेळी साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर कुणी ‘अतिकालिक भत्ता’ या शीर्षकाची मुक्तछंदातली कविता वाचली तर श्रोत्यांनी हसू नये. तो माणूस कदाचित वैधानिक मार्गानं दाद मागत असेल.

पण हा कायदा आभाळातून पडला नाही. आयबीच्या कर्मचाऱ्यांनी १९७९ मध्ये खरोखरच संघटना काढली होती. रॉमध्येही तशीच संघटना उभी राहिली. १९८० च्या नोव्हेंबरात रॉच्या दिल्लीतल्या मुख्यालयात वरिष्ठांना घेराव पडला, पोलीस आत घुसले, कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि त्यानंतर काही दिवस लेखणीबंद आंदोलन चाललं. परदेशांची गुपितं उकरून काढणाऱ्या संस्थेत आपल्याच पायाखाली काय शिजतंय याचा पत्ता साहेबांना कसा लागला नाही, हा प्रश्न कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. कदाचित ती खबर देणारे सगळे संघटनेतच असतील.

त्यानंतर जे झालं ते विनोदी नाही. संघटना काढणं तेव्हा गुन्हा नव्हता, कारण १९८५ चा कायदा अजून यायचा होता. मग काढून टाकायचं कसं? घटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये दोन चोरवाटा आहेत. एक म्हणजे चौकशी करणं व्यवहार्य नाही, असं अधिकाऱ्यानं लिहायचं. दुसरी म्हणजे राज्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं चौकशी इष्ट नाही, अशी राष्ट्रपतींची खात्री पटल्याचं लिहायचं. रॉच्या माणसांना पहिल्या वाटेनं घरी पाठवलं, आयबीच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना दुसऱ्या. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, बाजू मांडणं नाही. रॉच्या सत्यवीर सिंग आणि इतरांचा दावा सर्वोच्च न्यायालयात १९८५ मध्ये फेटाळला गेला. आयबीच्या ए. के. कौल यांच्या प्रकरणाचा निकाल लागायला १९९५ उजाडलं. न्यायालयानं राष्ट्रपतींच्या खात्रीचीही छाननी होऊ शकते हे तत्त्व मान्य केलं, पण नोकरी काही परत मिळाली नाही. तत्त्व जिंकणं आणि माणूस हरणं ही आपल्याकडच्या निकालांची जुनी रीत आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या लोकांची मागणी देशाची गुपितं चव्हाट्यावर मांडू द्या अशी नव्हती. बढती, सेवाशर्ती, वागणूक, हेच रडगाणं होतं. गुप्तचर यंत्रणेत खालून भरती झालेला माणूस आयुष्यभर त्याच विषयात घासतो आणि वरच्या खुर्च्यांवर आयपीएस अधिकारी प्रतिनियुक्तीवर येऊन बसतात. आणि गंमत अशी की आयपीएस अधिकाऱ्यांची संघटना आहे! तिचे ठराव होतात, निवेदनं निघतात, वर्तमानपत्रांत छापूनही येतात. तिच्यामुळे राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात आल्याचं कुणी म्हटलेलं नाही. साहेब एकत्र बसले की ती असोसिएशन आणि शिपाई एकत्र बसले की तो कट. संघटना किती घातक हे खांद्यावरच्या चिन्हावरून ठरतं.

हीच गोष्ट मुंबईत १९८२ मध्ये झाली आणि तिचे धागे थेट आपल्या जिल्ह्यांत येतात. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत सातारा-सांगलीचे किती, हे माण-खटाव-जतकडच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. आणि गिरणीच्या दारावर काठी घेऊन उभा असलेला शिपाईही त्याच गावचा, बऱ्याचदा त्याच भावकीतला. गिरणीवाल्याला निदान संप करता येत होता. बरोबर सात महिन्यांनी, १८ ऑगस्टला, मुंबईच्या पोलिसांचाही संयम सुटला. सरकारनं त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, नेत्यांना पकडलं, शिपाई रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि पोलिसांना आवरायला लष्कर बोलवावं लागलं. कित्येकजण बडतर्फ झाले. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले, मूळचे सातारा जिल्ह्याचेच. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले आणि सांगलीचे वसंतदादा आले. बेचाळीसच्या लढ्यात सांगलीचा तुरुंग फोडून पळालेला माणूस आता तुरुंगाचा आणि पोलिसांचा धनी झाला. इतके बंडखोर सत्तेत येऊनही शिपायाला साधी संघटना मिळाली नाही. बंडखोर खुर्चीत बसला की त्याला दुसऱ्याचं बंड दिसतं, आपलं आठवत नाही.

आता सरकारचा युक्तिवाद बघू. गुप्तचरांच्या कचेरीत संघटना आली तर गुपितं फुटतील. ऐकायला बरोबर वाटतं. याच युक्तिवादावर मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं २५ जानेवारी १९८४ रोजी चेल्टनहॅमच्या जीसीएचक्यू या हेरगिरी केंद्रात कामगार संघटनांवर बंदी घातली. सदस्यत्व सोडणाऱ्याला रोख एक हजार पौंड देऊ केले. हक्काचा भाव इतक्या उघडपणे क्वचितच लागतो. बहुतेकांनी पैसे घेतले, जे नाहीच म्हणाले त्यांतल्या चौदा जणांना काढून टाकलं. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं, तिथे राष्ट्रीय सुरक्षेच्या नावावर सरकार जिंकलं. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं त्या सरकारला चुकीचं ठरवलं, तिकडचे कामगार दर वर्षी चेल्टनहॅमला मोर्चा काढत राहिले आणि १९९७ मध्ये नवं सरकार येताच बंदी उठली. तिथल्या बंदीला आठ महिने व्हायच्या आत आपण घटना दुरुस्त केली होती. त्यांनी बंदी उठवली त्यालाही आता पाव शतक उलटून गेलं. ही बातमी अजून आपल्या गुप्तचरांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

आणि गुपितं खरोखर कुणी फोडली? जीसीएचक्यूची गुपितं सोव्हिएत युनियनला पुरवणारा जेफ्री प्राइम १९८२ मध्ये शिक्षा होऊन तुरुंगात गेला. त्याला संघटनेनं बिघडवलं नव्हतं, त्याच्या डोक्यातल्या भुतांनी बिघडवलं होतं. आपल्याकडे २००४ मध्ये रॉचा रबिंदर सिंग नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला. तो सहसचिव दर्जाचा अधिकारी होता, युनियनचा कारकून नव्हे. १९८५ चा कायदा त्या वेळी एकोणीस वर्षांचा झाला होता आणि त्यानं रबिंदर सिंगला अडवलं नाही. कारण तो कायदा पळणाऱ्याला पकडण्यासाठी केलेलाच नव्हता. तो बसणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी केला होता.

न्यायालयांनी तर याहूनही पुढची मजल मारली आहे. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की संरक्षण दलांकडे काम करणारे स्वयंपाकी, न्हावी, शिंपी, सुतार, चौकीदार हेसुद्धा अनुच्छेद ३३ च्या कक्षेत येतात, म्हणून त्यांना संघटना करता येणार नाही. न्हाव्याच्या हातात वस्तरा असतो आणि साहेबाची मान त्याच्यासमोर असते, एवढीच काय ती सुरक्षिततेची बाब मला तरी दिसते.

आपल्या भागाला हेरगिरीचं वावडं नाही, उलट अभिमान आहे. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे, असं परंपरा सांगते. शिवरायांच्या हेरखात्याच्या या प्रमुखाला आपण देवासारखं मानतो. शाळांतल्या नाटकांत पोरं फकीर, वासुदेव होऊन बहिर्जी रंगवतात आणि टाळ्या घेतात. मात्र आजच्या बहिर्जीला बारा-चौदा तास उभं करून महिन्याची रजा नाकारली तर त्यानं कुणाकडे जावं, हे कुठल्या नाटकात येत नाही. भक्ती इतिहासातल्या हेरावर, वर्तमानातल्या हेरावर फक्त शिस्त.

माणसाला बोलायचं असेल तर एकच राजमार्ग उरतो, नोकरी सोडण्याचा. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे सीआयडीत उपनिरीक्षक होते. १९७१ मध्ये राजीनामा देऊन राजकारणात गेले आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले. गोपनीय विभागातल्या प्रत्येकानं एवढं धाडस करावं असं म्हणणं म्हणजे पगारवाढ हवी असेल तर आधी मुख्यमंत्री व्हा असा सल्ला देणं आहे. बरं, गृहमंत्री झाल्यावर शिंदेंनी तरी या दोन कायद्यांना हात लावला का? ते होते तसेच राहिले.

या सगळ्यातली सर्वांत मजेशीर गोष्ट अजून सांगितली नाही. आयबीचं मूळ १८८७ सालचं, पण तिला जन्म देणारा संसदेचा कायदा आजही नाही. तिचे अधिकार काय, ती कुणाला जबाबदार, तिच्यावर संसदेची देखरेख कशी, याबद्दल कायद्यात काही नाही. एका निवृत्त अधिकाऱ्यानं हाच प्रश्न कर्नाटक उच्च न्यायालयात नेला होता. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर यंत्रणांसाठी खाजगी विधेयक आणलं, तेही पुढे गेलं नाही. माहिती अधिकारातून या यंत्रणा, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग सोडला तर, बाहेर आहेत. म्हणजे आयबीला अधिकार देणारा कायदा नाही, पण तिच्या कर्मचाऱ्यांचे अधिकार काढून घेणारा कायदा आहे. मूल जन्मलं नाही, असं सरकार म्हणतं, पण त्याला शाळेतून काढल्याचा दाखला मात्र हातात ठेवलेला आहे.

म्हणून काही युनियनवाल्यांसारखं ‘संपाचा हक्क द्या’ असं मी म्हणणार नाही. सीमेवरचा संदेश पकडणारा माणूस मध्येच लेखणी खाली ठेवून उठला तर चालणार नाही, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटतं. पण संप आणि संघटना या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याकडे त्या मुद्दाम एक केल्या जातात, कारण संपाची भीती दाखवली की संघटनेचा प्रश्न बाजूला पडतो. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे, तिच्या निवडणुका होतात, आणि केरळ अजून जागच्या जागी आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायाची होती आणि तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी ती ऐकली. आयुक्त भले असले की प्रश्न सुटतो. भले आयुक्त नेमण्याची मात्र कायद्यात सोय नाही. त्याच वर्षी सांगलीच्या पलीकडे कर्नाटकात पोलिसांनी सामुदायिक रजेची हाक दिली, तिथे मात्र पुढाऱ्याच्या वाट्याला अटक आली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. त्या संघटनेचा संघटनस्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार १९४८ चा. त्यातही लष्कर आणि पोलीस यांच्याबाबत किती सूट द्यायची हे देशांवर सोडलेलं आहे. तरीसुद्धा भारतानं त्याचं आजवर अनुसमर्थन केलेलं नाही.

सातारा आणि सांगलीच्या खासदारांकडे एकच मागणी आहे. १९८५ च्या कायद्यात फक्त एक कलम वाढवणारं खाजगी विधेयक मांडा. संप नको, राजकारण नको, पत्रकार नकोत. कर्मचाऱ्यांनी गुप्त मतदानानं निवडलेली आणि साहेबांच्या अखत्यारीबाहेरची एक तक्रार समिती द्या, आणि तिच्याकडे गेल्याबद्दल कुणाचीही बदली होणार नाही एवढं लिहा. मांडायचं ठरवलंत तर तुमच्या पहिल्या सभेला मागच्या रांगेत एक माणूस वही घेऊन उभा असेल. त्याला या खेपेला निवेदनाच्या दोन प्रती द्या, एक साहेबांसाठी आणि एक त्याच्यासाठी.